जुनी यानं, ओळखीचे आकार

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी एक आकार तुमच्या डोळ्यांसमोर उभा करते. एक उथळ, गोल तबकडी. तिच्या खालून मागे तिरपी उतरणारी मान. मानेच्या शेवटी लांबट, निमुळता देह, आणि त्या देहातून वर निघालेल्या दोन काड्यांवर पेललेली दोन लांब इंजिनं. 'स्टार ट्रेक' या अवकाश-मालिकेचा एखादा भाग ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी एव्हाना ओळखलंही असेल. ही 'एंटरप्राइज'. १९६६ साली अमेरिकन टीव्हीवर आलेलं हे यान मॅट जेफ्रीज यांनी रेखाटलं. ते स्वतः वैमानिक होते. एवढी ताकदवान इंजिनं माणसांच्या शेजारी नकोत, म्हणून त्यांनी ती दूर काड्यांवर नेली. दुरुस्ती आतूनच करता यावी, म्हणून बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवला. आकाराला कारण होतं, म्हणून तो टिकला.

हे आकार पुन्हा पुन्हा परतून का येतात, आणि त्यातलं कोणतं परतणं मनाला भिडतं, याबद्दल आज मला बोलायचं आहे.

सुरुवात पैशाच्या ओढाताणीतून झाली. १९६७ मधल्या एका भागाला 'एंटरप्राइज'च्याच जातीचं, पण मोडून पडलेलं दुसरं यान हवं होतं. नवी प्रतिकृती घडवणं परवडणारं नव्हतं. मग दुकानात मिळणारा, मुलांनी घरी जोडायचा प्लॅस्टिकचा संच आणला. 'एंटरप्राइज'चा क्रमांक १७०१. तेच आकडे मागेपुढे करून १०१७ केले आणि यानाला 'कॉन्स्टेलेशन' नाव दिलं. झालं दुसरं यान! पुढे चित्रपटांच्या काळात पैसा वाढला, तरी काटकसरीची सवय सुटली नाही. १९७९ च्या पहिल्या चित्रपटातलं एक अवकाशस्थानक १९८२ च्या दुसऱ्या चित्रपटात चक्क उलटं टांगून वेगळं स्थानक म्हणून वापरलं. अवकाशात वर-खाली असं काही नसतंच, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

या काटकसरीमागचं गणित लक्षात घेतलं पाहिजे. संगणकावर चित्रं तयार व्हायच्या आधीची ही गोष्ट. प्रतिकृती काही फूट लांबीच्या, हातांनी घडवलेल्या, आत दिव्यांच्या तारा ओवलेल्या. कॅमेरा यंत्राच्या साहाय्याने एकाच मार्गावरून पुन्हा पुन्हा न्यायचा. एकदा नुसत्या देहासाठी, एकदा खिडक्यांतल्या उजेडासाठी, एकदा इंजिनांच्या झळाळीसाठी. मग या सगळ्या फिल्मा एकमेकींवर बसवायच्या. पडद्यावर जेमतेम काही सेकंद दिसणाऱ्या दृश्यामागे एवढा खटाटोप. असं घडवलेलं यान एकदाच वापरून कोण कपाटात ठेवेल?

आणि इथेच, कुणी ठरवलेलं नसताना, एक सुंदर गोष्ट घडली.

१९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात 'एक्सेल्सिअर' नावाचं यान आलं. ताफ्यातलं सगळ्यात नवं, सगळ्यात मोठं, सगळ्यांच्या नजरेत भरणारं. जुन्या 'एंटरप्राइज'च्या माणसांना तिचा थोडा रागच येतो. तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये नवी टीव्ही मालिका सुरू झाली. तिची कथा सुमारे ८० वर्षं पुढे घडते. तिच्या पहिल्याच भागात दुसरं एक यान हवं होतं, आणि तयार प्रतिकृती होती 'एक्सेल्सिअर'ची. नाव बदललं, 'हूड' केलं, आणि यान पडद्यावर आलं. तीन वर्षांपूर्वी जी नव्याची नवलाई होती, ती आता मुरलेली, रोजच्या कामातली, भरवशाची नौका झाली होती. पुढे त्याच घराण्यातल्या दुसऱ्या मालिकेत, १९९७ मधल्या मोठ्या युद्धाच्या भागांत, 'एक्सेल्सिअर' जातीची यानं नव्या यानांच्या खांद्याला खांदा लावून लढताना दिसतात. सोबत १९८२ च्या चित्रपटातल्या 'रिलायंट' या यानाच्या बहिणीही आहेत. कथेतल्या कालगणनेत या आकारांना तोवर जवळजवळ ९० वर्षं झाली होती.

निर्मात्यांनी पैसे वाचवले. प्रेक्षकांना इतिहास मिळाला. कारण खरं जग असंच असतं. अमेरिकेचं बी-५२ बॉम्बर विमान १९५२ साली पहिल्यांदा उडालं, शेवटचं १९६२ मध्ये बांधलं गेलं, आणि ते आजही सेवेत आहे. सोयूझ यानातून १९६७ साली पहिला माणूस अवकाशात गेला, आणि सोयूझ अजूनही माणसं नेतं. चांगलं यंत्र आपल्या निर्मात्यांपेक्षा जास्त जगतं. एखाद्या काल्पनिक ताफ्यात सगळीच यानं कोरी करकरीत असली, तर तो ताफा कालच उगवल्यासारखा वाटतो. आजीच्या वयाचं यान शेजारी उभं असलं, की त्या जगाला भूतकाळ येतो.

यान पुन्हा वापरणं आणि दृश्य पुन्हा वापरणं मात्र वेगळं, हे सांगायलाच हवं. १९९१ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासीयांच्या एका यानाचा स्फोट होतो. १९९४ च्या चित्रपटात दुसऱ्या क्लिंगॉन यानाचा स्फोट होतो, आणि तो तोच आहे. त्याच ठिणग्या, तेच तुकडे. मला ते तेव्हाही खुपलं, आजही खुपतं. यान म्हातारं होऊ शकतं. मृत्यू मात्र ज्याचा त्याचा असतो.

आता आजच्या काळाकडे येऊ. संगणकावर कोणताही आकार घडवता येतो. म्हणजे जुनं यान आणायला पैशाची अडचण हे कारण उरलेलं नाही. आता ते आणतात आपल्याला आठवतं म्हणून. याला मी नावं ठेवणार नाही, ओळखीचा आकार पडद्यावर आला की माझाही श्वास अडखळतो. पण त्या क्षणी मी एक प्रश्न विचारते : हे यान या कथेत का आहे?

'स्टार वॉर्स'मध्ये या प्रश्नाची दोन्ही उत्तरं सापडतात. 'मिलेनियम फाल्कन' २०१५ च्या चित्रपटात परत येतं ते वाळवंटात, ताडपत्रीखाली, भंगार म्हणून. त्याच्या अँटेनाची गोल तबकडी १९८३ च्या चित्रपटातल्या लढाईत तुटून गेली होती; आता तिच्या जागी चौकोनी बसवलेली आहे. कुणीतरी, कधीतरी, मिळेल तो भाग लावून काम भागवलंय. त्या एका चौकोनी भागात ३० वर्षं मावली आहेत. याउलट २०१९ च्या चित्रपटात त्रिकोणी युद्धनौकांचा प्रचंड ताफा येतो. जवळपास तोच जुना आकार, खाली एक मोठी तोफ जोडलेली. आकाश भरून जातं, पण मन हलत नाही. त्या नौकांवर वय नाही, फक्त ओळख आहे.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ने २००३ मध्ये या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला सगळ्यात आवडतं. १९७८ च्या मूळ मालिकेसारखी दिसणारी लढाऊ विमानं नव्या कथेत संग्रहालयातली आहेत, आणि 'गॅलॅक्टिका' स्वतःही निवृत्त होऊन संग्रहालय व्हायच्या बेतात आहे. शत्रू नव्या यानांच्या संगणकांत शिरून ती बंद पाडतो. वाचते ती जुनी नौका, कारण तिचे संगणक एकमेकांना जोडलेलेच नाहीत. २०२३ मध्ये 'स्टार ट्रेक'मध्येही १९८७ च्या मालिकेतली 'एंटरप्राइज' जवळपास याच कारणाने परतली. तिच्या जुन्या इंजिनिअरने २० वर्षं खपून ती पुन्हा जोडलेली असते. तिची नियंत्रण खोली खरीखुरी पुन्हा बांधली होती, आणि आत पाऊल टाकल्यावर म्हातारा कॅप्टन म्हणतो की त्याला इथल्या गालिच्याची आठवण येत होती. माझे डोळे भरून आले. गालिचा आठवावा लागतो, तेव्हाच ती जागा कुणाचं तरी घर असते.

जाता जाता एका छोट्या यानाबद्दल. 'एंटरप्राइज'ची मोठी, ११ फुटांची प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. पण तिच्याही आधी ३ फुटांची एक प्रतिकृती बनली होती. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या टेबलावर ती असायची. १९७० च्या दशकात ती कुणाला तरी वापरायला दिली आणि परत आलीच नाही. २०२३ मध्ये ती अचानक एका ऑनलाइन विक्रीच्या यादीत दिसली. २०२४ मध्ये ती रॉडनबेरी यांच्या मुलाच्या हाती आली.

नमस्कार.