पित्ताच्या गोळीआधी

मंडळी, इथे किती जणांच्या खिशात किंवा पर्समध्ये पित्ताची गोळी आहे, ते विचारत नाही. विचारलं तर हॉलभर हात वर होतील.

जठरात रोज दीड-दोन लिटर पाचकरस तयार होतो. त्यातल्या आम्लामुळे अन्नाबरोबर आलेले पुष्कळ जंतू मरतात, प्रथिनं पचायला लागतात. म्हणजे आम्ल हवंच. ‘डॉक्टर, मला फार ॲसिडिटी आहे’ म्हणणाऱ्या बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त नसतंच. एक तर ते अन्ननलिकेत वर चढलेलं असतं, नाहीतर जठराचं आतलं अस्तर दुबळं झालेलं असतं.

वर चढतं ते अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप ढिली पडल्यामुळे. सुटलेलं पोट, गरोदरपण, तंबाखू, दारू ही कारणं आहेतच. पण रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं होणं, हे आपलं खास शहरी कारण. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला. नुसत्या उशा रचू नका, त्याने पोट दुमडून दाब उलट वाढतो.

अल्सरची, म्हणजे आतल्या अस्तराला पडणाऱ्या जखमेची, गोष्ट वेगळी. काळजी आणि तिखट खाणं यांनीच तो होतो, असं डॉक्टरही कित्येक वर्षं मानत. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असल्याचं सांगितलं, तेव्हा फारसं कुणाला पटेना. 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं! काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला सूज. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. (घरी प्रयोग करू नये.) हा जंतू आपल्याकडे घरोघरी आहे, बहुतेकांना त्रासही देत नाही, पण अल्सर असेल तर शोधून प्रतिजैविकांनी मारावाच लागतो. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे गुडघेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या.

जंतूसाठी शौचाची किंवा श्वासाची तपासणी होते. त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ म्हणतो. दुर्बिणीची तपासणी सगळ्यांना लागत नाही. पण घास अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असेल तर टाळू नका.

आता ती गोळी. पॅन्टोप्राझोल नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवून घेतली तर तिचा पुरता उपयोग होत नाही. महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडली की काही आठवडे आम्ल उसळतं आणि माणूस ‘बघा, गोळीशिवाय जमतच नाही’ म्हणून पुन्हा सुरू करतो. सोडायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर पित्ताची गोळी परस्पर सोडूच नका, ती जठर सांभाळायलाच दिलेली असू शकते.

आणि छातीत दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर सोडा पिऊन ढेकराची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा आणि आधी ईसीजी काढा. मधुमेह असलेल्यांना तर छातीत न दुखता, नुसती मळमळ होत असतानाही हार्ट अटॅक आलेला असू शकतो.