श्वास मोजला का?

(दृश्य : रात्रीचा वॉर्ड. नर्सिंगच्या विद्यार्थिनीची बोटं रुग्णाच्या मनगटावर, नजर पांघरुणावर.)

बघणाऱ्याला वाटेल, ही नाडी मोजतेय. नाडी कधीच मोजून झाली. आता ती श्वास मोजतेय, पण मनगट मुद्दाम सोडलेलं नाही. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून ही छोटीशी लबाडी. पांघरूण वर गेलं, खाली आलं. एक. पुन्हा वर, पुन्हा खाली. दोन. असं पूर्ण मिनिटभर, घड्याळाकडे बघत.

बीपी, ऑक्सिजन मशीन सांगतं. श्वास मात्र बहुतेक वॉर्डांत अजून डोळ्यांनीच मोजतात, आणि म्हणूनच तो सर्रास अंदाजपंचे लिहिला जातो. चार्ट उघडून बघा : १८, १८, २०, १८. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतो की काय?

आज मिनिट संपलं तेव्हा आकडा आला २६. ऑक्सिजन ९६ टक्के, बीपी ठीक, आणि रुग्ण म्हणतोय, "बरं वाटतंय." बिघाड सुरू झाला की शरीर आधी श्वास वाढवून वेळ मारून नेतं, बीपी बऱ्याचदा उशिरा ढासळतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर आणला : श्वास, बीपी, ऑक्सिजन अशा मोजमापांना गुण द्यायचे, बेरीज जितकी जास्त तितका धोका मोठा. त्यात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २५ किंवा त्याहून जास्त असतील तर थेट ३.

ही बेरीज आता हातातला टॅबलेट संगणक करतो. पण बोटानं १८ टाकलं, तर तो बिचारा शून्यच दाखवणार. नर्सिंग इन्फर्मेटिक्स (रुग्णांच्या नोंदी आणि माहिती हाताळण्याचं शास्त्र) म्हटलं की सगळ्यांना सॉफ्टवेअर आठवतं; ते सुरू होतं या पांघरुणापाशी. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंची प्रसिद्ध आकृती मांडली. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक गेले, हे त्यातून दिसलं. त्याआधी ते मृत्यू कुणीतरी मोजून लिहावे लागले होते.

(दृश्य : मानसोपचार वॉर्ड. खिडकीशी दोन खुर्च्या, किंचित तिरक्या.)

इथे मशीनचा फारसा उपयोग नाही. "रुग्ण आक्रमक होता" ही नोंद नव्हे, तो निवाडा झाला. "दुपारी ४ वाजता ताट ढकललं, दोनदा म्हणाला, माझं कुणी ऐकत नाही" ही नोंद. पुढच्या ड्यूटीवाल्याला या वाक्यावरून बोलणं तरी सुरू करता येतं.

एक प्रश्न मात्र विद्यार्थ्यांच्या घशात अडकतो : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल, ही भीती. तसं होत नाही. उलट पुष्कळांना कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. उत्तर "हो" आलं, तर काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, तेही विचारायचं. त्याला एकटं सोडायचं नाही. वरिष्ठांना लगेच सांगायचं, त्याचे शब्द त्याच्याच भाषेत लिहायचे. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कितीही गळ घातली तरी.

(दृश्य : पुन्हा रात्रीचा वॉर्ड. स्क्रीनवर २६ लाल झालेला.)

विद्यार्थिनी फोनवर आहे. "श्वास २६, पूर्ण मिनिट मोजलाय." पलीकडून डॉक्टर विचारतात, आधी किती होता?

"चार्टवर १८ आहे."

"मोजलेला?"

ती मागच्या ड्यूटीची नोंद बघत राहते.