ऊन बाहेर, ऑइल आत

मंडळी, मघाशी मांडवामागे चहा घेताना एका भाऊंनी विचारलं, "सर, आपल्याकडे एवढं ऊन तापते, मंग गाडीत जाडच ऑइल टाकलेलं बरं ना?" आयटीआयच्या पोट्ट्यांना शिकवण्यात माझी उमर गेली, आणि हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की आज यावरच बोलतो.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, हे खरंच. पण चालत्या इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मे असो की डिसेंबर. ऑइलही त्याच्याच आगेमागे, ओझं पडलं तर शंभरीपार. म्हणून डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणावरून ठरतो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (हे दाटपणाचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३.

पहिल्या आकड्यापुढचा डब्ल्यू म्हणजे विंटर. पोट्टे पेपरात 'वेट' म्हणजे वजन असं लिहीत, तो विषय वेगळा! थंडीत खोबरेलाची बाटली थिजते, शेजारची जवसाच्या तेलाची वाहती राहते, आणि कढईत तापली की दोन्ही पाण्यासारखी पळतात. तसंच हे. ५डब्ल्यू उणे ३० अंशांवर तपासतात, २०डब्ल्यू उणे १५वर. आपल्याकडे एवढी थंडी कुठली? २०डब्ल्यूवरही गाडी सुरू होते. पण रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. चावी फिरवल्यावर ते वर कॅमशाफ्टपर्यंत पोचेस्तोवर इंजिन जवळजवळ कोरडं फिरतं, आणि झीज तेव्हा जास्त होते. पातळ ऑइल लवकर चढतं.

माझ्याच पेट्रोल गाडीचं सांगतो. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात ५डब्ल्यू-३०. उन्हाळ्याच्या तोंडावर गॅरेजवाल्यानं २०डब्ल्यू-५० भरलं, "बिनघोर राहा सर." शिकवणारा मी, आणि मीच मान हलवली! मे निघाला. डिसेंबरात मात्र रोज पहाटे टॅपेटची टकटक, मायलेजही घसरलं. पुस्तकातलं ऑइल टाकलं, टकटक थांबली.

पुस्तकात ३० आणि ४० दोन्ही चालतात असं लिहिलं असेल, तर ४० घ्या. भर उन्हात सात-आठ वऱ्हाडी कोंबून गाडी हाणणार असाल, किंवा जुनं इंजिन ऑइल पीत असेल, तर नक्कीच. पुस्तकाबाहेर मात्र जाऊ नका.

आणि घरी ट्रॅक्टरचा डबा उरलाय म्हणून तो नव्या डिझेल गाडीत ओतू नका. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजिनात थोडं ऑइल जळतंच. धुरातली काजळी फिल्टर जाळून टाकतो, ऑइलची राख तशीच साचते. म्हणून त्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावरचे दोन्ही आकडे जुळले तरी ट्रॅक्टरचं ऑइल तिथे चालत नाही.

भाऊ, तुमची गाडी बाहेरच उभी आहे ना? डॅशबोर्डच्या कप्प्यातून पुस्तक आणा. प्लास्टिक अजून काढलं नसेल, तर इथेच फाडू.