बारवेतलं पाणी

[दृश्य: कोरडी बारव. पायऱ्यांवरून कॅमेरा खाली उतरतो. वाऱ्याचा आवाज.]

ही आमच्या गावची बारव. परभणी जिल्हा, सेलू तालुका. दगडावर दगड नुसता बसवलाय, मध्ये चुना नाही. मला कळायला लागल्यापासून हिच्यात पाणी नाही. तळाला गाळ, गाळात वेडी बाभूळ, आणि बाभळीच्या काट्यांत अडकलेल्या गुटख्याच्या पुड्या.

[दृश्य: तोच कोन. आता बारव भरलेली आहे. काठावर वाकून एक म्हातारी घागर बुडवते आहे.]

हे पाणी मी भरलंय. सहा सेकंदांचा शॉट. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १४४ चित्रं. दिवाळीत सुरू केला आणि संपला तेव्हा गावात टँकर चालू झाले होते. घागर बुडवतेय ती माझी आजी. या शॉटसाठी ती त्या पायऱ्या उतरलेलीच नाही. तिचे गुडघे आता दहा पायऱ्याही उतरू देत नाहीत.

या सहा सेकंदांची ही गोष्ट.

बारावीनंतर मी ॲनिमेशन शिकायचं म्हणाले, तेव्हा वडिलांनी एकच विचारलं, "त्याच्यावर पोट भरतंय का?" मला उत्तर माहीत नव्हतं, तरी हो म्हणाले. त्या वर्षीचं सोयाबीन विकून फी भरली आणि मी संभाजीनगरला आले. टीव्ही सेंटरजवळ एका खोलीत तिघी, डबा एका मावशींकडून.

पहिले दोन महिने चेंडू. फक्त चेंडू. वरून पडतो, टप्पा घेतो, पुन्हा उठतो. वर गेल्यावर तो रेंगाळतो, म्हणून तिथली चित्रं जवळजवळ काढायची. जमिनीकडं येताना वेग घेतो, म्हणून तिथली लांब लांब. मग माणसाची चाल. पाय टेकून अंगाचा भार पडला की डोकं खाली जातं, एक पाय दुसऱ्याला ओलांडतो तेव्हा वर येतं. हे सगळ्या जगाला लागू, असं मला वाटत होतं. मग मी डोक्यावर घागर घेतलेली बाई काढायला बसले. डोकं खालीवर केलं की घागर डचमळायची. गावी आले, मामीला पाणी आणताना पाहिलं. डोकं जागचं हलत नाही. गुडघे किंचित वाकलेले राहतात आणि सगळा हेलकावा कंबर घेते. लहानपणापासून रोज पाहत होते, पण काढायला बसेपर्यंत पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी कॉम्पोझिटिंग होतं, म्हणजे वेगवेगळी चित्रं जोडून एक करणं. आणि तिथंच घात झाला. ज्यांनी शिकवायचं ते सर वर्षाच्या मध्येच सोडून गेले. तीन महिने कोणी आलं नाही. नंतर जे आले ते कोणतं बटण कुठं आहे ते सांगायचे आणि निघून जायचे. चोवीस मुलं, दहा कॉम्प्युटर, त्यातले चालू सात. माहितीपत्रकावर शंभर टक्के नोकरीची हमी छापलेली होती. संस्थेचं नाव घेत नाही, पण हे मला अजून लागतं. तिथली बहुतेक मुलं जालना, हिंगोली, बीडच्या खेड्यांतून आलेली होती, आणि प्रत्येकाच्या फीमागं कुणाचं तरी सोयाबीन, कुणाचा तरी कापूस होता.

मग आम्ही तिघींनी खोलीवरच शिकायचं ठरवलं. एक जुना लॅपटॉप, तिघींत मिळून. कॉम्पोझिटिंगला स्टुडिओत वापरतात ते न्यूक हे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना फुकट मिळतं. त्यात चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पुढं जात नाही आणि त्यावर पैसे कमवायचे नाहीत, या मुख्य अटी. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर तर सगळ्यांनाच मोफत आहे. माझ्यासारखं कुणी हे बघत असेल तर ही गोष्ट आधी माहीत असू द्या. मला ती फी भरून झाल्यावर कळली.

[दृश्य: स्क्रीन. केसांची कड मोठी करून दाखवलेली, पिक्सेल दिसतात.]

कॉम्पोझिटिंग म्हणजे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी घेतलेली चित्रं अशी एकत्र आणायची की ती एकाच उन्हात उभी आहेत असं वाटावं. सगळी अडचण कडेची असते. हा बघा आजीच्या कपाळावरचा पांढरा केस. तो एका पिक्सेलपेक्षाही, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यापेक्षाही बारीक आहे. म्हणजे हा पिक्सेल थोडा आजीचा, थोडा मागच्या भिंतीचा. बांधावरच्या आंब्यासारखा, निम्मा या वावराचा, निम्मा त्या वावराचा.

त्या पिक्सेलात पुढच्या चित्राचा वाटा किती, ते सांगणारा आकडा म्हणजे अल्फा. एक म्हणजे पूर्ण, शून्य म्हणजे काहीच नाही. अमेरिकेत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना १९७०च्या दशकाच्या शेवटी मांडली. वाट्यांचं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली लिहून ठेवलं. पुढचं चित्र जेवढं झाकतं तेवढं मागच्यातून काढायचं आणि उरलेल्याची बेरीज करायची. एवढंच. पण एकाच पिक्सेलाचा वाटा चुकून दोनदा काढला की माणसाभोवती काळी रेघ उमटते. माझ्या पहिल्या सगळ्या शॉटमध्ये ती रेघ होती आणि का येते ते सांगायला कोणी नव्हतं. आमच्यातल्या एकीला एका रात्री ते सापडलं. तिनं आम्हा दोघींना झोपेतून उठवलं.

बारवेचं डोक्यात आलं ते वालूरमुळं. वालूर आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या लोकांनी गावची बारव गाळ उपसून मोकळी केली. मी बघून आले आणि वाटलं, आमचीही भरून बघावी. निदान पडद्यावर.

[दृश्य: अंगण. वलणीवर हिरवं कापड. आजी वाकून घागर धरते.]

गुलमंडीतून पाच मीटर हिरवं कापड आणलं. अंगणातल्या वलणीवर ताणून बांधलं, खाली दगड ठेवले. मागं सगळा एकच रंग असला की सॉफ्टवेअरमध्ये तेवढा रंग काढून टाकता येतो आणि त्याच्या जागी बारव बसवता येते. हिरवंच का? कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांमागं दोन हिरवा रंग टिपणारे असतात, एक लाल, एक निळा. म्हणून हिरवा रंग सगळ्यांत स्वच्छ टिपला जातो आणि माणसाच्या कातडीपासून तो लांबही असतो. आजीला मुद्दाम विटकरी लुगडं नेसायला लावलं. आजीनं घागर बुडवायची नुसती कृती केली, दोनदा. तिला कशाला सांगायला लागतंय, चाळीस वर्षं तिनं तेच केलेलं.

रात्री हिरवा रंग काढून टाकला आणि आजीचं मनगट तुटलं. हात कोपरापर्यंत ठीक, मग बारवेचे दगड, मग पंजा. बांगड्या. हिरव्या काचेच्या बांगड्या. मला, आईला, कुणालाच लक्षात आलं नव्हतं, कारण तो हात आम्ही बांगड्यांशिवाय कधी पाहिलेलाच नाही.

आई म्हणाली, आत्या, घडीभर काढून ठेवा. आजीनं ओट्याकडं बोट केलं. "बांगड्या काढत नसतेत माय. तुझे सासरे बसलेत की तिथं."

विषय संपला.

मग निळी ताडपत्री लावून पाहिली, सोयाबीन झाकायची. ती चमकते. जिथं ऊन पडलं तिथं पांढरी, जिथं घडी होती तिथं काळी. एक रंग म्हणून धरताच येईना. शेवटी हिरव्या कापडावरचाच शॉट घेतला आणि बांगड्या हातानं कापायला बसले. याला रोटो म्हणतात. चित्रावर वस्तूच्या कडेनं रेघ ओढायची आणि वस्तू हलेल तशी रेघ हलवायची. आधी पहिली फ्रेम, मग शेवटची, मग मधली, मग त्यांच्या मधल्या. जिथं रेघ घसरते तिथं पुन्हा.

मनगटाला चिकटलेल्या बांगड्या सोप्या होत्या. लोंबणाऱ्या दोन अवघड. त्यांच्या आणि हाताच्या मधल्या फटीतून मागचं दिसतं, आणि घागर कलंडली की त्या फिरतात. त्यात आणखी एक. कापडाची हिरवी झाक कातडीवर पडते, ती काढायला डिस्पिल करतात. डिस्पिल केलं आणि बांगड्यांतला हिरवाच गेला, राखेसारख्या झाल्या. म्हणून तेवढ्या जागेला त्यातून वगळलं. अकरा रात्री गेल्या. शेतीची लाईट रात्री बाराला यायची. वडील गव्हाला पाणी द्यायला निघायचे, जाताना दारातून विचारायचे, "किती झाल्या?" मी आकडा सांगायचे. परत येताना पुन्हा विचारायचे.

मग पाणी. सुरुवातीला मी ते निळं केलं. बारवेच्या पायऱ्या उलट्या करून प्रतिबिंब टाकलं, वर तरंग टाकले, आभाळ टाकलं. मला ते फार सुंदर वाटलं. मैत्रिणींना आवडलं. आजीला दाखवलं.

आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे काय केलीस? आभाळ पायापाशी कुठून आलं?"

मला कळेना. ती म्हणाली, "लांबून बघितलं तर पाण्यात आभाळ दिसतं. वाकून बघितलं की आभाळ नसतं. काळं दिसतं. दोन पायऱ्या दिसतात हिरव्या हिरव्या, मग काळं."

[दृश्य: कालव्याचं पाणी. आधी लांबून, मग पायाखालचं.]

मी पाथरीकडं मामाच्या गावी गेले. तिकडून जायकवाडीचा डावा कालवा जातो आणि तेव्हा आवर्तन सुटलेलं होतं. कालव्याच्या कडेला उभी राहून पायाखाली फोटो घेतला, मग मान वर करून लांबचा. आजीचं अक्षर न् अक्षर खरं होतं. सरळ खाली पाहिलं तर पाणी शंभरातला दोनच भाग उजेड परत पाठवतं, बाकी आत जाऊ देतं. नजर जितकी तिरपी, तितकं ते आरशासारखं होत जातं. हे गणित फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी मांडलं. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावाचं बटण आहे, आणि ते मी कितीदा तरी दाबलं होतं, कशासाठी ते न समजता.

परत येऊन सगळं पाणी काढून टाकलं. जवळच्या दोन पायऱ्या पाण्याखाली ठेवल्या, शेवाळी रंगाच्या. त्याखाली काळोख. आभाळ फक्त पलीकडच्या काठाला. आजीनं आणखी एक सांगितलं होतं, पाण्याच्या वर हातभर दगड ओला असतो, बायांच्या घागरी सांडून सांडून. ती ओल रंगवली. त्या ओल्या पट्ट्यानं जेवढं पाणी खरं वाटायला लागलं, तेवढं पाण्यानंही वाटलं नव्हतं.

२०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा मी पाचवीत होते. टीव्हीवर ती गाडी पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. पाणी कसं दिसतं, हे आमच्या पिढीला नळ, टँकर आणि बाटलीवरून माहीत. बारवेतलं पाणी ज्यांच्या डोळ्यांत आहे ती माणसं सत्तरीच्या पुढं गेली. त्यांना विचारून घ्यायला हवं, आत्ताच.

हा शॉट मी हैदराबादच्या एका स्टुडिओला पाठवला. त्यांनी रोटोच्या चाचणीला बोलावलंय. सेलूच्या स्टेशनवरून एकीकडं मुंबई, एकीकडं सिकंदराबाद, रूळ तेच. वडिलांनी तिकीट काढून आणलं आणि काही न बोलता देवाजवळ ठेवलं.

निघायच्या आधी आजीला पुन्हा शॉट दाखवला. या वेळी पाण्याबद्दल काही बोलली नाही. हात बघितला, बांगड्या बघितल्या. मग म्हणाली, "घागर भरली कामून नाही?"

"भरली की आजी. जड झाली बघ, हात खाली गेला."

"बुडबुडे कुठं हायत? तोंडातून हवा निघाल्याबिगर पाणी आत जातंय व्हय?"

[दृश्य: गोठ्यासमोर जुन्या काळ्या टाकीचा अर्धा कापलेला भाग, पाण्यानं भरलेला.]

म्हणून हे. ही म्हशीला पाणी पाजायची टाकी. आतून काळी, म्हणून बरी. काळं म्हणजे शून्य. शॉटमध्ये याची बेरीज केली की काळं काहीच मिळवत नाही, फक्त बुडबुड्यांचा पांढरा उजेड येतो. पण वर आभाळ आहे आणि ते पाण्यात उतरतंय. म्हणून आजोबा आणि वडील दोन बाजूंनी घोंगडी धरून उभे आहेत. घोंगडी उजेड पिऊन घेते.

आजी खुर्चीवर बसूनच वाकली. पहिल्यांदा घागर सरळ बुडवली, बुडबुडे माझ्या बाजूला आलेच नाहीत. दुसऱ्यांदा आजोबांचा हात अवघडला आणि आभाळ आत आलं. तिसऱ्यांदा तिनं घागर तिरपी केली. आधी एक मोठा बुडबुडा, मग बारीक बारीक, मग तो आवाज.

"आलं का?"

आलं.

मग तिनं घोंगडी काढायला सांगितली आणि म्हशीला सोडलं.