एकशे चाळीस लिटर : जैसलमेरभोवतीचे सात दिवस

पडद्यावर समोर दिसणारे अंगण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आहे. परसातल्या विहिरीवरील मोटारीची नळी एका पांढऱ्या गाडीच्या कुशीतल्या तोंडात घातलेली आहे, टाकी केव्हाच भरून बाहेर वाहू लागली आहे आणि तरीही नळी काढण्याची कोणाला घाई नाही. कारण मलप्रभा जेथे उगम पावते ते कणकुंबी आमच्याच तालुक्यात आहे आणि पावसाळ्यात या पट्ट्यातल्या माणसाला पाणी मोजण्याची नव्हे, तर त्याच्यापासून कौले, भिंती आणि भाताचे बांध वाचविण्याची सवय असते. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली आहे. तिला हल्ली सगळीकडे कॅम्पर म्हणतात, आमच्या गल्लीत मात्र ती पहिल्याच दिवशी ‘बिऱ्हाडाची गाडी’ झाली.

या बिऱ्हाडात चौघेजण होते. माझे थोरले चुलते, म्हणजे घरातले तात्या, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांनी राजस्थानच्या वाळवंटात दोन हिवाळे काढले, परंतु जैसलमेरचा किल्ला त्यांनी पाहिला तो केवळ धावत्या लष्करी ट्रकच्या मागच्या फळीवरून. तो एकदा पायी चढून पाहावा एवढीच त्यांची इच्छा होती. माझ्या आईला गावात सगळे आक्का म्हणतात. तिने ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, आमचा वासाचा तांदूळ आणि बेळगावच्या कुंद्याचे दोन डबे बरोबर घेतले. गाडी धाकटा भाऊ चालवीत होता आणि कॅमेरा माझ्याकडे होता. वरची टाकी १४० लिटरची आणि वापरलेले पाणी साठविण्याची खालची टाकी ९० लिटरची होती. जैसलमेरच्या सात दिवसांत आम्ही कोठे जायचे, कोठे थांबायचे आणि केव्हा परतायचे, हे बहुतांशी या दोन आकड्यांनी ठरविले.

निपाणी, कोल्हापूर, पुणे, मग सारा गुजरात आणि पुढे सांचोर व बाडमेर, या दीड हजारांहून अधिक किलोमीटरांच्या प्रवासाविषयी येथे सांगण्यासारखे फारसे नाही. महामार्ग सर्वत्र सारखाच असतो. बाडमेर मागे पडल्यावर मात्र झाडे बुटकी होत गेली, खेजडीच्या फांद्या जनावरांसाठी छाटलेल्या दिसू लागल्या आणि चौथ्या दिवशी मावळतीला, सपाट माळावर ठेवल्यासारखा, पिवळ्या दगडाचा किल्ला दिसला. तात्यांनी खिडकीची काच खाली केली आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

गावाबाहेर एका अतिथिगृहाच्या मोकळ्या आवारात रोजच्या भाड्याने जागा मिळाली. जैसलमेरच्या सात दिवसांतली आमची पहिली रात्र तेथेच गेली आणि त्याच रात्री आमच्या हातून चूक झाली. मोरीतला नळ अर्धवट फिरवलेला राहिला. घरी नळ ठिबकत राहिला तर त्याखाली एखादी घागर ठेवतात. कॅम्परमध्ये नळ जरासा उघडा राहिला, तर पाण्याचा दाब कमी होताच छोटा विजेचा पंप आपोआप सुरू होतो. त्याची ती बारीक घरघर आम्ही झोपेत ऐकली, परंतु शीतपेटीची समजलो. पहाटे पाहिले तेव्हा पातळी दाखविणाऱ्या चार दिव्यांपैकी केवळ शेवटचा तांबडा दिवा जळत होता. खालची टाकी भरून पाणी बाहेर आले होते आणि तेथे चिखल असेल म्हणून मी कॅमेरा घेऊन वाकलो, तर वाळूवर तळहाताएवढा गडद डाग होता आणि तोही पाहता पाहता फिका होत होता.

“फौजेत असतास तर आज तुझी आंघोळ कापली असती,” तात्या म्हणाले. ती तशीही कापली गेलीच.

ही घरगुती हकिकत येथे सांगण्याचे कारण, त्याच दिवशी किल्ल्यावर आम्हाला तिचाच फार मोठा अवतार पाहायला मिळाला. भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल यांनी लोद्रव्याची राजधानी सोडून ११५६ साली त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसविला. त्याला ९९ बुरूज आहेत, २०१३ पासून तो राजस्थानातील डोंगरी किल्ल्यांच्या समूहात जागतिक वारसा म्हणून गणला जातो आणि आजही त्याच्या आत काही हजार माणसे नांदतात. दोरीवर वाळत घातलेली धोतरे, दारातली दुचाकी, शाळेला निघालेली मुले आणि त्यांच्या शेजारी बारीक जाळीदार कोरीवकामाची जैन मंदिरे, असा हा किल्ला आहे; आमच्या बेळगावच्या किल्ल्यातही कमल बस्तीसारखे जैन मंदिर आहे, परंतु तेथे असा गजबजलेला संसार नाही. येथे जैसलू नावाची विहीर आहे आणि श्रीकृष्णाने सुदर्शन चक्राने हे पाणी काढले अशी तिची कथा सांगतात. डोक्यावरून वा खांद्यावरून पाणी वर आणायचे होते तोपर्यंत ते माणशी काही तांब्यांपुरतेच होते आणि सांडपाण्याचा प्रश्न उन्हानेच सोडविला होता. नळ आले, त्यांच्यामागून पर्यटकांसाठी न्हाणीघरे आली, वापर अनेक पटींनी वाढला आणि ते सगळे पाणी टेकडीच्या पोटात झिरपू लागले. त्या पोटात दगडाबरोबर मातीचेही थर आहेत. पाया भिजून सैल झाल्यामुळे गेल्या काही दशकांत तटबंदीचे भाग ढासळले आणि तेव्हापासून दुरुस्तीचे, गटारांच्या फेरबांधणीचे काम वेळोवेळी चालू आहे. साडेआठशे वर्षे वेढे आणि वावटळी सोसलेल्या वास्तूला नळाच्या गळतीने घेरावे, हे ऐकून आक्काने माझ्याकडे पाहिले आणि मान दुसरीकडे फिरविली.

दुसरा दिवस गावात गेला. पटवा या व्यापारी घराण्याच्या पाच हवेल्या सगळेच पाहतात. मला त्यांच्यापेक्षा १८८५ ची नथमल हवेली अधिक आवडली, कारण दोन भावांनी तिच्या दर्शनी भागाची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी कोरली आणि दुरून सारखी वाटणारी ती नक्षी जवळ गेल्यावर जागोजागी निराळी निघते. दुपारनंतर गडीसर तलावावर गेलो. चौदाव्या शतकात महारावळ गडसी यांनी त्याचे बांधकाम करविले, आणि कित्येक शतके सारे गाव याच पाण्यावर जगले. तलावाला पाणी पुरविणाऱ्या सभोवतीच्या उताराला तेथे आगोर म्हणतात. पावसाळ्यापूर्वी तो झाडून स्वच्छ ठेवायचा, त्यावर पादत्राणे घालून फिरायचे नाही, तेथे घाण करायची नाही, असा जुना शिरस्ता होता. बेळगावात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही दाखवितात आणि आम्ही तिच्या कठड्याशी उभे राहून अभिमानाने छायाचित्रे काढतो. परंतु पाणी जेथून येते ती जमीनही तलावाचाच भाग मानावी, हे आम्हाला कधी सुचलेले नाही. आज गडीसरमध्ये नौकाविहार चालतो, पायऱ्यांशी मासे गर्दी करतात आणि गावाचे पिण्याचे पाणी दुसरीकडून येते.

तिसऱ्या दिवशी कुलधरा पाहिले. पालीवाल ब्राह्मणांनी वसविलेले आणि एकोणिसाव्या शतकात ओस पडलेले हे गाव आता भुताटकीच्या गोष्टींसाठीच ओळखले जाते, हे मला फारसे न्याय्य वाटत नाही. दिवाण सालिमसिंगच्या जुलमाला कंटाळून एका रात्रीत गाव उठले अशी आख्यायिका आहे. करांचा बोजा आणि आटत गेलेले पाणी ही कारणेही सांगितली जातात. वाटाड्या शापाची गोष्ट रंगवीत असताना तात्या मात्र रस्त्यांची रुंदी पावलांनी मोजत होते. सरळ गल्ल्या, एकमेकांना लागून आखलेली घरे आणि आतले चौक पाहून ते म्हणाले, “ही माणसे घाबरट नव्हती. हिशेबी होती.”

त्या हिशेबाचा पुरावा पुढे शेतांत दिसला. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घातलेला असतो. पावसाचे दोन-चार शिडकावे झाले की वरच्या सगळ्या खडकावरचे पाणी वाहत येऊन बांधाच्या आत साचते, सावकाश जमिनीत मुरते आणि मग त्या ओलीवर हिवाळ्यात गहू आणि हरभरा पेरतात. याला खडीन म्हणतात आणि ही पद्धत पालीवालांनी वाढविली. वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात, विहिरीवाचून, पावसाळा संपून तीन महिने झाल्यावर उभा असलेला हिरवागार हरभरा आता पडद्यावर दिसतो आहे. आक्काने बांधाच्या आतली माती उकरून बोटाच्या दोन पेरांखालून एक ढेकूळ काढले, मुठीत दाबले आणि मूठ उघडली. ढेकूळ फुटले नाही. आमच्याकडे वाफसा आला की नाही हे असेच पाहतात.

समच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर आहेत. उंट, जीपगाड्या आणि रात्रीचे ध्वनिवर्धक यांचे वर्णन अनावश्यक आहे. मांगणियार कलावंतांचे गाणे मात्र वेगळे. पिढ्यान्‌पिढ्या हिंदू यजमानांच्या घरी जन्म, विवाह आणि मृत्यूला गाणारे हे मुसलमान गायक आहेत आणि त्यांच्या कमायचा या वाद्याचा कातड्याने मढविलेले गोल लाकडी पोट पाहून तात्यांना आपल्याकडच्या गोंधळ्यांच्या तुणतुण्याची आठवण झाली. खडताळ वाजविणाऱ्या मुलाच्या बोटांवर मी कॅमेरा स्थिर ठेवला, परंतु नुसत्या लाकडाच्या फळ्यांच्या जोडीतून तो ताल कसा निघतो ते चित्रणात हळू करून पाहूनही मला उलगडले नाही. समच्या आसपासचा मुलूख माळढोकाचा आहे आणि त्याला तेथे गोडावण म्हणतात. आम्हाला तो दिसला नाही.

परतताना भावाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागची चाके वाळूत रुतली. जोर दिला तशी ती अधिक खोल गेली. तात्यांनी चावी काढून घेतली, चारही चाकांची हवा निम्म्यापर्यंत सोडायला लावली, चाकांपुढची वाळू ताटांनी उपसली आणि पायपुसणी, चटई व आक्काची जुनी सतरंजी चाकांखाली घातली. वजन कमी करायचे तर पाणी सोडावे, असे भावाने सुचविले. त्यावर कोणी उत्तर दिले नाही. गाडी चौथ्या प्रयत्नात निघाली. सतरंजीचे मात्र दोन तुकडे झाले.

पाचव्या दिवशी रामगढमार्गे तनोट आणि लोंगेवाला. वाटेत पवनचक्क्यांच्या रांगा लागतात आणि रामगढच्या बाजूला एकाएकी कालवा दिसतो. पंजाबात सतलज आणि बियास यांच्या संगमावरील हरिके धरणापासून निघालेला हा इंदिरा गांधी कालवा. त्याची पूरक वाहिनी २०४ किलोमीटरांची आणि मुख्य कालवा ४४५ किलोमीटरांचा आहे. जैसलमेरच्या नळांना आज याच कालव्याचे पाणी येते. तेथील एका टपरीवाल्याच्या परवानगीने आम्ही टाकी भरून घेतली आणि हिमालयाकडून आलेल्या पाण्यात बेळगावचा तांदूळ शिजला.

तनोटच्या देवीचे मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळते. १९६५ च्या युद्धात परिसरात पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे तेथे मांडून ठेवलेले आहेत. लोंगेवाल्यात ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालील २३ पंजाब या पलटणीच्या सुमारे १२० जवानांनी रणगाड्यांसह आलेल्या कितीतरी मोठ्या फौजेला उजाडेपर्यंत रोखून धरले आणि सकाळी जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी वाळूत अडकलेले रणगाडे टिपले. तात्या एका मोडक्या रणगाड्याच्या पट्ट्याजवळ उकिडवे बसले. पट्टा कोठवर रुतला असेल ते त्यांनी हाताने दाखविले आणि भावाला म्हणाले, “तुझीही गाडी एवढीच गेली होती.”

सहाव्या दिवसाच्या आकल जीवाश्म उद्यानातले, ज्युरासिक काळातले, दगड झालेले १८ कोटी वर्षांपूर्वीचे ओंडके आम्ही घाईतच पाहिले, कारण आक्काचे लक्ष हाबूर गावाकडे होते. तेथील जीवाश्मयुक्त दगडाचा तुकडा कोमट दुधात ठेवला तर विरजणावाचून दही लागते, असे तिकडे सांगतात. आक्काने तुकडा विकत घेतला, उकळत्या पाण्याने धुतला आणि रात्री दुधात घातला. सकाळी दही लागले होते, पातळ होते, परंतु दही होते. ते दगडाने लागले की त्याच पातेल्यात आदल्या दिवशी केलेल्या ताकाने, यावर आमच्या गाडीत बाडमेरपर्यंत वाद चालला.

सातव्या सकाळी टाकीत काय उरले आहे ते पाहण्याची कोणाला गरज पडली नाही. पहिल्या दिवशी चौघांना ६० लिटर लागले होते, शेवटच्या दिवशी २२ पुरले. भांडी आधी पीठ लावून पुसायची आणि मग तांब्याभर पाण्यात विसळायची, तांदूळ धुतलेले पाणी हात धुवायला ठेवायचे, हे कोणी शिकविल्याशिवाय सुरू झाले होते.

हे शेवटचे दृश्य पुन्हा खानापूरचे आहे. प्रवासात टाकी ठिकठिकाणी भरली गेल्यामुळे तिच्या तळाला नेमके कोणते पाणी होते, हे सांगता येणार नाही. भावाने खालचा खटका उघडून ते अंगणात सोडायला घेतले, तेव्हा आक्का आतून बादली घेऊन धावत आली. आठ-नऊ लिटर निघाले. ते तिने परसातल्या पावट्याच्या वेलाला घातले आणि विहिरीवरची मोटार बंद आहे ना, ते पाहायला ती मागे गेली.