पालीच्या पायाखालची माती

मंडळी, फळ्यावर लिहिलंय 'क्रेस्टेड गेकोच्या टेरेरियमसाठी मातीचे थर', म्हणजे घरात पाळायच्या एका पालीच्या काचेच्या पेटीत माती कशी भरायची, आणि ते मी सांगणारच आहे, पण आधी हा स्पंज बघा. भांडी घासायचा साधा स्पंज, बादलीत बुडवून काढलाय. आडवा धरला, पाणी गळलं, थांबलं. आता हाच आडवा या खड्यांवर ठेवते. गळतंय का अजून? नाही ना? आता उचलून उभा धरते. बघा, धार लागली! म्हणजे पाणी आत होतंच, खाली खडे मिळाले म्हणून काही ते उतरलं नाही, उंची मिळाली तेव्हा उतरलं.

माझं आजोळ मालवणजवळचं. आजी कुंडी भरायची तेव्हा तळाच्या भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवायची, एकच, माती वाहून जाऊ नये म्हणून. ते बघत मोठी झाले आणि इथे न्यू जर्सीत पहिलं टेरेरियम लावलं तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की खाली खडे म्हणजे निचरा, आणि खडे जितके जास्त तितका निचरा जास्त. दुकानातल्या माणसानेही तेच सांगितलं, वर घालायला एक पिशवी दिली, बाहेर जंगलाचं सुंदर चित्र आणि आत नुसता बारीक काळा भुगा, त्यात काय काय आहे ते पिशवीवर कुठेच लिहिलेलं नाही. याचा मला अजून राग येतो. खायच्या बिस्किटाच्या पुड्यावर सगळं छापतात, मग एक जीव ज्यावर पंधरा-वीस वर्षं राहणार आहे त्यावर का नको?

तर खाली दहा सेंटीमीटर खडे, वर पाच सेंटीमीटर भुगा, रोज दोनदा फवारा. सुरुवातीला सगळं हिरवंगार, मी रोज फोटो काढून आईला पाठवत होते (आईचं म्हणणं, आम्ही इथे पालीला झाडूने हाकलतो आणि तू पैसे देऊन आणलीस?). मग एका रात्री काचेचं दार उघडलं आणि सडक्या अंड्याचा वास आला. मनात पाल चुकचुकली, आणि खरी पाल वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून बसलेली, खाली उतरायलाच तयार नाही. सगळं उपसलं तर खडे जवळजवळ कोरडे आणि वरची माती म्हणजे चिखल, मनीप्लांटची मुळं तपकिरी, बोटाने दाबली की साल हातात. मातीत हवाच राहिली नव्हती, आणि हवा संपली की असं सडणं सुरू होतं.

त्या रात्री मी खूप रडले, कारण ही पाल साधी नाही हो. न्यू कॅलेडोनियाच्या बेटांवरची, लोक समजत होते की नामशेष झाली, 1994 साली पुन्हा सापडली. हिला पापण्या नाहीत, जिभेने डोळे पुसते. शेपूट एकदा तुटलं की आपल्या घरच्या पालीसारखं परत येत नाही. अशा जीवाला मी चिखलावर ठेवलं होतं.

बरं, चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत, म्हणजे आता भरभर सांगते. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहजी उतरत नाही, माती तळाशी पूर्ण भिजल्याशिवाय नाहीच. तो भिजलेला पट्टा किती उंच ते मातीच्या कणांवर ठरतं, माती किती खोल आहे त्यावर नाही. म्हणून पाच सेंटीमीटर मातीत मुळांना कोरडी जागाच उरत नाही, दहा तरी हवी. मादी अंडीसुद्धा मातीतच पुरते, तिलाही खोली लागते.

मग खालचा थर कशाला? काचेच्या पेटीला भोक नाही म्हणून. जास्तीचं पाणी साठायला जागा हवी, पाच सेंटीमीटर भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या पुरतात, वर फायबरग्लासची जाळी, आणि पाणी जाळीपर्यंत चढायच्या आत नळीने काढून टाकायचं.

मातीसाठी अटलांटा बोटॅनिकल गार्डनच्या नावाने ओळखलं जाणारं मिश्रण घ्या: ट्री फर्नचे (झाडासारख्या वाढणाऱ्या नेच्याचे) तंतू दोन भाग, ऑर्किड लावायला वापरतात ती झाडाची साल दोन भाग, पीट (दलदलीतला कुजलेला भुगा), स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं शेवाळ) आणि लाकडी कोळसा एकेक भाग. कोळसा साधा, बार्बेक्यूच्या विटा नकोत. पीटऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुगा, चालेल, पण केरळात ही सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे मीठ असू शकतं, दोन-तीनदा धुवून घ्या. खत नको, पर्लाइटचे पांढरे दाणेही नको, पाल गिळू शकते. मूठ दाबली की एक-दोन थेंबच पडायला हवेत. वर ओकची सुकी पानं, आत स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे सोडा, आणि पाल तीन-चार आठवड्यांनी आणा, किडे आधी स्थिरावू देत. लेपर्ड गेको ही दुसरी पाल असेल तर यातलं काहीही करू नका, ती कोरड्या खडकाळ मुलखातली, तिला ही ओल सोसत नाही.

टेबलावर दोन डबे ठेवलेत. उजव्यात आत्ताच्या पेटीतली मूठभर माती आहे, पावसानंतरच्या रानासारखा वास येतो. डाव्यात तोच भुगा, गेल्या महिन्यात भिजवून बंद केलेला. दोन्ही हुंगून बघा, आधी उजवा.