फ्रीजसमोरच्या चपला

नमस्कार. सुरुवात एका घरापासून करतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं घर. चिऱ्याचं, कौलारू, मध्ये राजांगण. देवखोलीतला दिवा मध्येच मंद होतो, मध्येच भडकतो, एवढ्यासाठी मला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात शिरलो तर फ्रीजसमोर रबरी चपलांचा एक जोड नीट लावून ठेवलेला. घरात सगळे अनवाणी आणि फ्रीजपुढे तेवढ्या चपला. मी घरातल्या आजींना विचारलं, "ह्या कुणाच्या हो?" त्या म्हणाल्या, "कुणाच्याच नाहीत. फ्रीज उघडायचा तर पायांत घालायच्या. नाहीतर हाताला मुंग्या येतात." आमचं बोलणं चालू असतानाच पाच-सहा वर्षांची नात आली. तिने चपला घातल्या, पाण्याची बाटली काढली, चपला परत होत्या तशा लावून ठेवल्या आणि खेळायला गेली.

माझी चाळीस वर्षं वायरिंगच्या कामात गेली. जळलेले बोर्ड पाहिले, काळ्या पडलेल्या भिंती पाहिल्या. पण त्या चपला पाहून माझ्या पोटात जसा गोळा आला तसा कधी आला नव्हता. धोका आहे हे त्या घराला ठाऊक होतं. घराने त्याची सवय करून घेतली होती, आणि ती सवय तिसऱ्या पिढीला शिकवूनही झाली होती.

या मुंग्या म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. अंगातून साधारण १ मिलिअँपिअर करंट गेला की आपल्याला तो जाणवतो. १०च्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडवत नाही. "करंटने ओढून धरलं" असं आपण म्हणतो, पण करंट ओढत नाही, आपलीच मूठ उघडत नाही. ३०च्या पुढे गेला आणि थोडा वेळ तसाच राहिला, तर श्वास अडकतो, हृदयाची लय बिघडू शकते. आता ताळा करा. तुमच्या देव्हाऱ्यावरचा ९ वॅटचा एलईडी बल्ब जवळपास ४० मिलिअँपिअर घेतो. घरातल्या एका साध्या दिव्याला लागतो तेवढा करंट माणसाचा जीव घ्यायला पुरतो. आणि बोर्डावरचा ५ अँपिअरचा फ्यूज? तो ५००० मिलिअँपिअरचा. माणूस समोर चिकटून तडफडत असला तरी त्या फ्यूजच्या हिशेबी एक बल्ब लागलाय. फ्यूज काय, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारी कळ) काय, ती वायरची राखण करतात. माणसाची राखण करणं हे त्यांचं काम नव्हे.

आता त्या फ्रीजकडे येतो. प्लग तीन पिनांचा होता, सॉकेटला तीन भोकं होती, सगळं दिसायला व्यवस्थित. सॉकेट खोललं तर अर्थच्या, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या वायरीच्या टर्मिनलवरून वायरीचा बोटभर तुकडा वळवून शेजारच्या न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला जोडलेला. हा जोड घरातल्या थोरल्या काकांनी घातला होता. हुशार माणूस, घरातला रेडिओ तेच दुरुस्त करायचे. फ्रीज घेऊन आलेला माणूस म्हणाला, "अर्थिंग असल्याशिवाय चालू करू नका." घरात अर्थची वायर कधी आलीच नव्हती. मग काकांनी असा जोड मारला आणि होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब घेऊन तपासलासुद्धा. एक टोक फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीला, दुसरं अर्थच्या भोकात. बल्ब लागला. अर्थिंग आलं, काम झालं.

तो बल्ब लागणारच होता. खऱ्या अर्थला जोडला तरी लागतो आणि न्यूट्रलला जोडला तरी लागतो. चालतंय म्हणजे बरोबर आहे, हे विजेच्या बाबतीत खरं नाही. वीज दोन वायरींवर चालते. पंखा फिरतो, फ्रीज थंड होतो, मिक्सर वाटतो, सगळं दोन वायरींवर. तिसरी वायर, म्हणजे अर्थची, वर्षानुवर्षं काहीच करत नाही, म्हणून ती नसली तरी कुणाला उणीव भासत नाही. प्लगची अर्थची पिन पाहिलीत? इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लावताना ती आधी भिडावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. बनवणाऱ्याने एवढा विचार केला, आणि आपण जुन्या दोन भोकांच्या सॉकेटात जात नाही म्हणून तीच पिन मोडून टाकतो.

त्या घरात मुख्य न्यूट्रल किटकॅट फ्यूजमधून, म्हणजे तार घालायच्या चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमधून येत होता. जुन्या बोर्डांवर फेजला एक आणि न्यूट्रलला एक, असे दोन किटकॅट असायचे. ती पद्धतच घातक. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरात अंधार होतो, माणसाला वाटतं वीज गेली, आणि वायरीत फेज तसाच जिवंत उभा. इथे तो उडाला नव्हता, आतला स्क्रू सैल होऊन चिनी मातीचा तुकडा काळा पडला होता. अर्धवट चिकटलेला जोड. त्यामुळे न्हाणीतला गिझर लावला की अख्ख्या घराच्या न्यूट्रलवर, आणि काकांच्या जोडामुळे फ्रीजच्या पत्र्यावरही, व्होल्टेज चढायचं. मी राजांगणातल्या ओल्या मातीत एक सळई ठोकली, मीटरचं एक टोक तिला आणि दुसरं फ्रीजच्या पत्र्याला लावलं आणि गिझर चालू करायला सांगितलं. मीटर साठच्या पुढे गेला. साठ व्होल्ट, हाताने उघडायच्या फ्रीजच्या दारावर. तो स्क्रू पुरता सुटला असता तर तेच दोनशे तीस झाले असते. देवखोलीतला दिवा लुकलुकत होता तोही त्याच स्क्रूपायी. दिवा आणि मुंग्या एकच गोष्ट सांगत होत्या. घरच्यांनी दिव्यासाठी वायरमन बोलावला आणि मुंग्यांसाठी चपला ठेवल्या.

मग मी मुख्य बोर्ड उतरवला. सागवानी फळी, मागे पोकळ खोका. स्क्रू गंजलेले, एक तर कापावाच लागला. आत पालीची अंडी, वाळवीची वाळलेली माती, आणि वायरींचे थर. गोवा मुक्तीनंतर खेड्यापाड्यांत वीज पसरू लागली, त्या काळातली सुती विणीची रबरी वायर सगळ्यांत खाली. लाकडी पट्टीवर चिमट्यांनी बसवलेली, ओळंबा लावल्यासारखी सरळ. काम इतकं देखणं की हात लावू नये. पण बोट लागताच रबर वाळलेल्या पापडासारखं तुटून पडलं आणि उघडं तांबं दिसलं. त्यावर अॅल्युमिनियमची पीव्हीसी वायर, तांब्याला नुसती पिळून जोडलेली. अॅल्युमिनियमवर हवेने जो पापुद्रा चढतो त्यातून वीज जात नाही, आणि ते तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं. थंड-गरम होत होत पिळा सैल होतो, सैल जोड अजून तापतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे आणखी झपाट्याने होतं. त्याच्यावर लाल-पिवळी पिळाची वायर, कुणाच्या तरी लग्नात ट्यूबलाइटला ओढलेली आणि तशीच राहिलेली. सगळ्यांत वर बोटीवरच्या भावाने आणलेल्या टेबलफॅनची वायर, तिचा परदेशी प्लग कापून उघडी टोकं सॉकेटात कोंबलेली आणि पडू नयेत म्हणून आगकाडीची पाचर मारलेली.

फेजच्या किटकॅटमध्ये फ्यूजची तार नव्हती. फ्लेक्सिबल वायरमधल्या तांब्याच्या सात-आठ बारीक तारा एकत्र पिळून घातल्या होत्या. फ्यूज वारंवार उडत असेल, कुणीतरी कंटाळून "कायमचा इलाज" केला. घरातला एकच भाग असा, ज्याने वेळ आली तर जळून जावं म्हणून तो बसवलेला असतो. तोच भाग जळणार नाही असा करून ठेवला, म्हणजे आता जळायचं काम भिंतीतल्या वायरीकडे आलं.

हे कुणी मूर्खपणाने केलेलं नसतं, हे मला आज तुम्हाला कळकळीने सांगायचं आहे. प्रत्येक थर कुणीतरी मायेने चढवलेला असतो. आजोबांना अंधारात ठेच लागू नये म्हणून काकांनी वायर ओढली, आईला वाटणाचा त्रास नको म्हणून दादाने मिक्सरचा पॉइंट काढला. म्हणूनच त्या वायरीला कुणी नावं ठेवत नाही. आणि आपल्याकडे आणखी एक गुंता. १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासून इथे मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा. चांगलीच गोष्ट आहे ती. पण त्यामुळे मूळ घर चाळीस-पन्नास वारसांचं सामाईक होतं. मीटर पणजोबांच्या नावावर, राहायला एक म्हातारं जोडपं, बाकीचे पणजीत, मुंबईत, आखातात. कौल बदलायला सगळे वर्गणी काढतात, कारण गळणारं कौल दिसतं. वायरिंग दिसत नाही.

त्या काळचं वायरिंग चार बल्ब आणि एक पंखा यांच्यासाठी होतं. सगळं मिळून अडीचशे-तीनशे वॅट, म्हणजे दीड अँपिअरसुद्धा नाही. आज त्याच "तीन बावीस"च्या, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारांच्या वायरीवर २००० वॅटचा गिझर घालतात, तो एकटाच जवळपास ९ अँपिअर घेतो. होमस्टे काढला की वर दीड टनाचा एसी येतो. करंट दुप्पट झाला तर वायर दुप्पट तापते असं नाही, चौपट उष्णता तयार होते. आणि ती वायर कुठून गेलेली असते? लाकडी छताच्या वरून, जिथे कोळिष्टकं आणि उंदरांनी आणलेला काथ्या पडलेला असतो.

आता आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारी बोर्डावरची कळ. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला की नाही, हे ती सतत पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाईन तोडते. माणसाची राखण करणारी हीच. पण पावसाळ्यात मला सगळ्यांत जास्त फोन येतो तो असा: "भाऊ, ती बया सारखी पडते हो, काढून टाका. शेजाऱ्याने डायरेक्ट करून घेतलं." मंडळी, जूनमध्ये ती पडते कारण ओल आलेल्या भिंतीतून, कुजलेल्या वायरीतून खरोखर गळती होत असते. ती बिघडलेली नसते, ती सांगत असते. तिला बायपास करणं म्हणजे घरात कुणी आजारी असताना थर्मामीटर फोडणं. तिच्यावर एक टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. दाबून ती पडली नाही तर मात्र ती निकामी आहे, बदला.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली आहे. वर्षभर बंद असलेल्या खोल्या उघडतील, चाळीस माणसं घरात येतील, गणपतीच्या डोक्यावर फळांची, वेलींची माटोळी बांधली जाईल. ओली फळं, ओल्या वेली, आणि त्यातून खेळवलेली रंगीत दिव्यांची माळ. मागच्या वर्षीची, मध्ये टेपने जोडलेली, माटोळीच्या तारेला गुंडाळलेली. खाली शाळकरी मुलं आरतीला उभी. एवढं एक वर्ष ती माळ माटोळीवर नको. बाजूच्या भिंतीवर लावा, अर्थ असलेल्या आणि आरसीसीबीमधून आलेल्या सॉकेटातून घ्या.

घर तपासायला परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याला मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, आणायला सांगा. नुसता टेस्टर खिशाला लावून येईल त्याच्याकडून हे काम होत नाही. मेगरने ५०० व्होल्टवर इन्सुलेशन निदान १ मेगओहम दाखवायला हवं. रबरी वायरीचं घर असेल तर ते नव्याने ओढावंच लागेल, त्याला पर्याय नाही. अर्थचा खड्डा पाहा. आपला जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थला धड धरत नाही. मार्च ते मे खड्ड्यात पाणी घाला. पैसे आज नसतील तर आज एवढं करा: न्हाणीचा आणि विहिरीच्या पंपाचा पॉइंट तरी वेगळ्या वायरीवर, खऱ्या अर्थसकट आणि आरसीसीबीवर घ्या. ओला हात तिथेच लागतो. आणि कुणी चिकटलेलं दिसलं तर आधी मेन स्विच बंद करा. चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. स्विच दूर असेल तर कोरड्या बांबूने, लाकडी पाटाने दूर करा.

त्या घरातल्या आजींना मी सगळं समजावून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भावोजींनी केलं होतं ते. ते गेले. काढताना जपून काढा." मी जपून काढलं. सगळा बोर्ड, फळी, किटकॅट, ती आगकाडीसुद्धा. तिथे मागच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना प्रत्येकाने उचलून पाहा, मागच्या बाजूने पाहा. घरी जाऊन तुमचा बोर्ड उघडाल तेव्हा काय शोधायचं ते कळेल. उघडण्याआधी मेन बंद करा.